शिडाच्या होडीवर संकटाचा इशारा: साधनं निवडताना या चुका टाळा

संकटाचा इशारा देणाऱ्या साधनाला दोन वेगळी कामं करावी लागतात. आधी कोणाला तरी कळवायचं की आम्ही अडचणीत आहोत, आणि नंतर मदतीला आलेल्याला नेमकं आपल्यापाशी आणायचं. बहुतेक साधनं यातलं एकच काम नीट करतात. दुकानात लाल डबा, नारिंगी डबा आणि चमकणारा दिवा शेजारी शेजारी मांडलेले असले की हा फरक लक्षात येत नाही, आणि होडीवर एकाच कामाची चार साधनं जमा होतात. म्हणून कोणतीही वस्तू घेण्याआधी एक प्रश्न विचारा: हा इशारा नेमका कोणाला दिसणार किंवा ऐकू येणार? मुंबई ते गोवा या किनाऱ्यावर हौसेने शीड उभारणाऱ्यांनी तर तो विचारायलाच हवा. तिथे सगळ्यात जवळ असतो तो बहुतेक वेळा मासेमारीचा ट्रॉलर, आणि तटरक्षक दलाचं जहाज त्यानंतर पोहोचतं.

सगळा भरवसा फ्लेअरवर ठेवणं

सुरक्षेचं सामान म्हटलं की डोळ्यांसमोर पहिल्यांदा फ्लेअर येतो, म्हणजे पेटवला की झगझगीत ज्वाळा किंवा धूर देणारी नळी. तो हवाच, पण तो किती वेळ जळतो ते पाहा. सोलास (समुद्रावरच्या जीवसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार) दर्जाचा लाल हातफ्लेअर एक मिनिट जळतो. पॅराशूट रॉकेट सुमारे 300 मीटर उंच जातं आणि 40 सेकंद जळतं. तेवढ्या वेळात कोणी तुमच्या दिशेने पाहत नसेल तर तो फ्लेअर वाया गेला. हातफ्लेअर पाण्यालगत जळतो, म्हणून दुसऱ्या छोट्या होडीवरच्या माणसाला तो साधारण तीन सागरी मैलांपर्यंतच दिसतो. रॉकेट स्वच्छ रात्री वीस मैलांवरूनही दिसू शकतं, पण ढग खाली उतरले असतील तर ते ढगात शिरून दिसेनासं होतं. अशा वेळी रॉकेट सरळ वर न सोडता वाऱ्याच्या दिशेला सुमारे 45 अंश कलवून सोडायचं, म्हणजे ते ढगाखाली जळतं.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक अडचण आहे. दिवाळीपासून लग्नसराई संपेपर्यंत मुंबई, अलिबाग, मालवण, पणजी सगळीकडे आकाशात आतषबाजी असते. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला तुमचं लाल रॉकेट त्यातलंच एक वाटू शकतं. म्हणून एकच रॉकेट सोडून थांबू नका. पहिलं पाहणाऱ्याची मान वळवण्यासाठी असतं, आणि मिनिटा-दोन मिनिटांनी सोडलेलं दुसरं त्याची खात्री पटवण्यासाठी व दिशा पक्की करण्यासाठी. पहिलं रॉकेटसुद्धा जहाज, विमान किंवा किनाऱ्यावरची वस्ती टप्प्यात असेल तेव्हाच सोडायचं.

खरेदी करताना रंगाची गफलतही होते. पांढरा हातफ्लेअर संकटाचा इशारा नाही. अंगावर येणाऱ्या जहाजाला ‘मी इथे आहे’ हे दाखवायला तो असतो. नारिंगी धूर फक्त दिवसा कामाचा, आणि तो वरून सगळ्यात चांगला दिसतो. हेलिकॉप्टर किंवा तटरक्षक दलाचं डॉर्नियर विमान शोधत आलं असेल तर धुराने जागा कळते आणि वाऱ्याची दिशाही. रात्री त्याचा काही उपयोग नाही.

फ्लेअरवर मुदतीची तारीख छापलेली असते, बहुधा बनवल्यापासून तीन वर्षांची. कॉकपिटच्या (सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीच्या) पेटीत मे महिन्याची आच आणि मग पावसाळ्याची ओल सोसलेला फ्लेअर तेवढाही टिकेल असं धरून चालू नका. झाकणाला रबरी कडं असलेल्या हवाबंद डब्यात ते केबिनमध्ये ठेवा, पण जिन्याजवळ, हात घातला की मिळतील असे. मुदत संपलेले फ्लेअर ‘असू देत जादाचे’ म्हणून त्याच डब्यात ठेवण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. अंधारात, ओल्या हातांनी तारीख कोण वाचणार? आणि ते दिवाळीत उडवणं तर सरळ खोटा इशारा देणं आहे. विकत घेतानाच विक्रेत्याला विचारा, जुने परत घेता का.

फ्लेअर पेटलाच नाही तर? डोकावून पाहायचं नाही. हात वाऱ्याच्या खालच्या बाजूला, होडीबाहेर लांब धरून अर्धा मिनिट थांबायचं, मग तो पाण्यात सोडायचा. पेटला तरी बाजू तीच ठेवायची आणि नजर दुसरीकडे. जाड हातमोजा डब्यातच ठेवा.

‘मोबाइल आहे की’

तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे क्रमांक फोनमध्ये असायलाच हवेत. पण मोबाइलला किनाऱ्यावरचा टॉवर लागतो, आणि फोनवर तुमचं बोलणं एकाच माणसाला कळतं. व्हीएचएफच्या, म्हणजे होडीवरच्या बिनतारी संचाच्या, 16 नंबर चॅनलवर बोललात तर टप्प्यातल्या प्रत्येक चालू संचावर ते ऐकू जातं. दोन मैलांवरच्या ट्रॉलरचा तांडेल तुमचा फोन नंबर जाणत नाही, पण त्याचा व्हीएचएफ सुरू असेल तर तो तटरक्षक दलाच्या कितीतरी आधी पोहोचेल. माझ्या मते पैसे मोजकेच असतील तर पहिला खर्च फ्लेअरवर न करता होडीवर बसवलेल्या, डीएससी (एका बटणावर आपोआप इशारा पाठवण्याची) सोय असलेल्या व्हीएचएफवर करावा. संच वापरायला परवाना लागतो. तो काढायचा कंटाळा करू नका, कारण त्यासोबतच डीएससीला लागणाऱ्या एमएमएसआय, म्हणजे होडीच्या ओळख क्रमांकाचा प्रश्न सुटतो.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे फक्त हातातला संच घेणं. त्याची ताकद पाच-सहा वॅट, बसवलेल्या संचाची 25 वॅट. पण वॅटपेक्षा अँटेनाची उंची महत्त्वाची, कारण या लहरी जवळपास नजरेइतक्याच सरळ जातात. कॉकपिटमध्ये बसून हातातल्या संचावरून बोललात तर ट्रॉलरपर्यंत पाच-सहा मैल गाठाल. 15 मीटर उंच डोलकाठीच्या टोकावरच्या अँटेनावरून तेच अंतर बारा-तेरा मैलांवर जातं. किनाऱ्यावरच्या उंच अँटेनापर्यंत त्याहून लांब.

मग हातातला संच नकोच का? हवा, पण दुसरा म्हणून. डोलकाठी मोडली की अँटेना तिच्याबरोबर जाते, आणि केबिनमध्ये पाणी शिरलं की बॅटरी बुडते. नेमक्या त्याच वेळी खिशातला जलरोधक संच उपयोगी पडतो.

संच आहे पण उत्तर येत नाही, अशी तक्रार असेल तर या क्रमाने पाहा. ताकद 1 वॅटवर राहिली आहे का? बंदरात जवळच्या होडीशी बोलताना ती कमी केली जाते आणि तशीच राहते. स्क्वेल्च (खरखर दाबणारी कळ) फार वर चढवलेला आहे का? तो इतका असेल तर क्षीण उत्तर तुमच्याच संचात अडतं. मग डोलकाठीच्या बुडाशी असलेला अँटेनाचा जोड उघडा. हिरवट गंज दिसला तर दोष सापडला. आपल्या खाऱ्या, दमट हवेत हा जोड सगळ्यात आधी जातो, आणि दर पावसाळ्यानंतर तो तपासायलाच हवा.

डीएससीचं लाल बटण काही सेकंद दाबून धरलं की 70 नंबर चॅनलवरून तुमची ओळख आणि जागा आपोआप जाते. पण दोन गोष्टी आधी केलेल्या असतील तरच: संचात नऊ आकडी एमएमएसआय भरलेला हवा (भारतीय होडीचा 419 ने सुरू होतो), आणि संचाला जीपीएस जोडलेला हवा. पडद्यावर अक्षांश-रेखांशाच्या जागी नुसत्या रेघा दिसत असतील तर इशारा जाईल, पण जागेविना जाईल. कित्येक होड्यांवर महागडा संच आणि महागडा चार्टप्लॉटर (जीपीएसवर चालणारा नकाशाचा पडदा) वीतभर अंतरावर असतात, आणि मधल्या दोन तारा कोणी जोडलेल्याच नसतात. तपासायला लाल बटण दाबायचं नाही. ओळखीच्या होडीच्या एमएमएसआयवर साधा डीएससी कॉल करून पाहायचा.

ईपर्ब घेतला, पण नोंदवला नाही

किनारा नजरेआड होणार असेल तर ईपर्बला, म्हणजे उपग्रहामार्फत संकट कळवणाऱ्या होडीवरच्या यंत्राला, पर्याय नाही. तो 406 मेगाहर्ट्‌झवर शोध-बचावासाठीच्या कॉस्पास-सारसॅट व्यवस्थेतल्या उपग्रहांना इशारा देतो. आपल्याकडे तो बेंगळुरूला इस्रोच्या इस्ट्रॅकमधल्या भारतीय मोहीम नियंत्रण केंद्रात उतरतो आणि तिथून तटरक्षक दलाच्या बचाव समन्वय केंद्राकडे जातो. आपल्या बाजूचं केंद्र मुंबईत आहे. ईपर्बची बॅटरी किमान 48 तास चालते. म्हणजे कळवण्याचं काम याच्याइतकं लांबवर दुसरं काही करत नाही.

पण उपग्रहाकडून केंद्राला मिळतो तो 15 अक्षरांचा संकेत. तो कोणत्या होडीचा, होडी कशी दिसते, घरचा फोन कोणता, हे सगळं नोंदणीतून कळतं. नोंदणी नसेल तर शोध घेणाऱ्यांना फक्त एक ठिपका मिळतो, आणि तो खरा इशारा की चुकून दाबलेलं बटण हे ठरवायला घरी फोन करण्याची सोय राहत नाही. परदेशातून आणलेल्या ईपर्बमध्ये त्या देशाचा संकेत भरलेला असतो, त्यामुळे माहितीची विचारणा त्या देशाकडे जाते. तो भारतीय होडीसाठी नव्याने भरून घ्या. जुनी होडी घेतलीत तर ईपर्बची नोंद आधीच्या मालकाच्या नावावर आहे असं समजूनच चाला. आणि तिच्यावरचा बीकन (इशारा पाठवणारं यंत्र) फक्त 121.5 मेगाहर्ट्‌झचा निघाला तर तो बाजूला काढा. उपग्रहांनी ती लहर ऐकणं 1 फेब्रुवारी 2009 पासून बंद केलं आहे. आजच्या ईपर्बमध्ये ती लहर असते ती जवळ आलेल्या विमानाला वा जहाजाला माग काढता यावा म्हणून.

वापरतानाच्या चुका तर जास्त घातक. ईपर्बची दोरी होडीला बांधली जाते. होडी बुडाली तर ईपर्बही तिच्यासोबत खाली ओढला जाईल. दोरी जीवरक्षक तराफ्याला बांधायची. दुसरं, छताखाली किंवा केबिनमध्ये तो सुरू केला जातो. त्याला उघडं आकाश आणि उभी अँटेना हवी. तिसरं, अर्ध्या तासात कोणी आलं नाही म्हणून ‘चालत नाही वाटतं’ असं समजून किंवा बॅटरी वाचवायला तो बंद केला जातो. साध्या ईपर्बला उलट निरोप येत नाही, म्हणून शांतता म्हणजे बिघाड असं मानू नका. सुरू केला की बंद करायचा नाही. पोच हवीच असेल तर युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांच्या परतनिरोपाची सोय असलेला ईपर्ब मिळतो, त्यावर तसा दिवा लागतो. इस्रोने मासेमारी होड्यांसाठी बनवलेल्या डॅट या संकट-इशारा यंत्राच्या दुसऱ्या पिढीतही अशी पोच येते.

चुकून सुरू झाला तर तो लगेच बंद करा आणि त्याच मिनिटाला 1554 ला कळवा. गप्प बसलात तर तुमच्यासाठी विमान निघू शकतं, आणि तेव्हा दुसऱ्या कोणाला त्याची खरी गरज असू शकते.

ईपर्ब ‘मी संकटात आहे’ एवढंच सांगतो, काय झालंय ते सांगत नाही. शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत 21 सप्टेंबर 2018 रोजी दक्षिण हिंदी महासागरात भारतीय नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’ ही होडी उलटली, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला जबर इजा झाली. पर्थपासून ते सुमारे 1,900 सागरी मैलांवर होते. त्यांनी ईपर्ब सुरू केला होताच, शिवाय संदेशयंत्रावरून ‘चालता येत नाही, कदाचित स्ट्रेचर लागेल’ हेही कळवलं होतं. 24 सप्टेंबरला फ्रेंच गस्ती जहाज ‘ओसिरिस’ने त्यांना उचललं. उठताही न येणाऱ्या माणसाच्या हाताशी साधनं होती, ती कॉकपिटच्या पेटीत कुलूपबंद नव्हती, हे मला या घटनेत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

परदेशातून उपग्रह संदेशयंत्र आणणं

अमेरिका-युरोपातल्या आपल्या मंडळींना हे मुद्दाम सांगायला हवं. तिकडे सहज मिळणारं इनरीच (उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र) किंवा उपग्रह फोन दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात आणणं हा गुन्हा आहे. विमानतळावर परदेशी पर्यटकांना यासाठी ताब्यात घेतलं गेलं आहे. मामाच्या होडीसाठी भेट म्हणून ते आणू नका. फ्लेअरही विमानात चालत नाहीत, सामानातसुद्धा नाहीत.

पाण्यात पडलेल्या माणसासाठी चुकीचं यंत्र

लाइफजॅकेटवर लावायला अनेकजण पीएलबी, म्हणजे अंगावर बाळगायचा ईपर्बसारखा छोटा बीकन, घेतात. एकट्याने जाणाऱ्याला ते योग्यच. पण चौघं होडीवर असताना एक पाण्यात पडला तर त्याला वाचवणारी पहिली होडी म्हणजे त्याचीच होडी. पीएलबीचा निरोप उपग्रहावरून किनाऱ्यावर जाईल, दहा हातांवरच्या सुकाणूवाल्याला कळणारच नाही. इथे एआयएस (आसपासच्या होड्यांना आपली जागा आपोआप कळवणारी रेडिओ यंत्रणा) बीकन जास्त उपयोगी. तो तुमच्याच पडद्यावर 972 ने सुरू होणाऱ्या क्रमांकासह माणसाची जागा दाखवतो. अर्थात होडीवर एआयएस हवा.

एलईडीचे ‘इलेक्ट्रॉनिक फ्लेअर’ तासन्‌तास चालतात, हात भाजत नाहीत, मुदतही संपत नाही, बॅटरी तेवढी बदलावी लागते. एसओएस लुकलुकणारा दिवा जवळ आलेल्या होडीला तुमच्यापाशी आणायला उत्तम. पण लाल हातफ्लेअरच्या 15,000 कॅन्डेला तेजाच्या जवळपासही तो जात नाही, म्हणून त्याची जागा घेऊ शकत नाही. आरसा आणि शिट्टी मात्र प्रत्येक जॅकेटला असू द्या.

फक्त होडीमालकालाच येतं

मालकच पाण्यात पडला किंवा बेशुद्ध झाला तर? व्हीएचएफशेजारी मराठीत एक कागद चिकटवा, देवनागरीत, मोठ्या अक्षरांत: 16 नंबर, 25 वॅट. ‘मेडे’ (संकटाची आंतरराष्ट्रीय हाक) तीनदा. होडीचं नाव तीनदा, मग एमएमएसआय. पुन्हा एकदा ‘मेडे’ आणि नाव. जागा अक्षांश-रेखांशात, नाहीतर ‘खांदेरीच्या पश्चिमेला चार मैल’ अशी. काय झालं, कोणती मदत हवी, होडीवर माणसं किती. ‘ओव्हर’ म्हणून बटण सोडायचं. बटण दाबून धरलेलं असताना उत्तर ऐकू येत नाही, आणि नवख्या माणसाचा अंगठा तिथेच अडकतो. इंग्रजीत एकदा सांगून झालं की तेच मराठीत किंवा हिंदीत सांगा, ट्रॉलरवरच्या खलाशांसाठी. उत्तर नाही आलं तर थोडं थांबून पुन्हा, आणि संच बंद करायचा नाही.