तांब्याच्या पत्र्यावर स्पॅनिश धाटणीचे लघुव्यक्तिचित्र

दुसऱ्या फिलिपच्या कारकिर्दीत (१५५६–१५९८) स्पेनच्या दरबारात आलोन्सो सांचेझ कोएयो आणि सोफोनिस्बा अँग्विसोला यांनी व्यक्तिचित्रांची जी संयत धाटणी रुजवली, तीच तळहातावर मावणाऱ्या चित्रांतही दिसते: गडद पार्श्वभूमी, काळा पोशाख, पांढरी चुणीदार कॉलर आणि मनातले काहीच उघड न करणारा चेहरा. इंग्लंडमध्ये अशी चित्रे चर्मपत्रावर जलरंगांत होत. स्पेनमध्ये तांब्यावर तैलरंगांत केलेली आढळतात आणि येथे तीच रीत दिली आहे.

पत्र्यासाठी मुंबईत पायधुणीचा तांबाकाटा, म्हणजे तांब्या-पितळेचा बाजार, गाठावा. सुमारे १ मिलिमीटर जाडीचा पत्रा घेऊन ६ सेंटिमीटर उंचीचा लंबगोल तिथल्याच एखाद्या कारागिराकडून कापून घ्यावा. पातळ पत्रा वाकतो आणि वाकला की रंगाला तडे जातात. कडा कानसीने घासून, पृष्ठभागावर बारीक पॉलिश पेपर आडवा-उभा फिरवावा, स्पिरिटने पुसावे आणि त्यानंतर त्याला बोट लावू नये, कारण मुंबईच्या दमट हवेत घामाचा ठसा लवकर काळवंडतो. मग लसणाची पाकळी कापून ती पत्र्यावर चोळावी. हा जुन्या चित्रकारांचाच उपाय असून त्याने रंग धातूला नीट धरतो. (वास दुसऱ्या दिवशी जातो.) त्यावर पांढऱ्या तैलरंगात किंचित अंबर (मातकट तपकिरी रंग) मिसळून, कापडाच्या बोळ्याने थापटत अतिशय पातळ थर द्यावा. त्या काळी शिशाचा पांढरा वापरत. तो विषारी असल्याने टायटॅनियम पांढरा घ्यावा. हा थर पूर्ण वाळेपर्यंत थांबावे. पावसाळ्यात अधिक दिवस लागतात.

आपल्याकडची पहाडी किंवा मुघल शैली शिकलेल्यांना इथे एक सवय सोडावी लागते, ती रेषेची. नाकाची कड रेषेने न दाखवता उजेड आणि सावली यांच्या सीमेवर उमटू द्यावी. उजेड एकाच बाजूने घ्यावा आणि भिंगाखाली, बारीक कुंचल्याने, मधल्या छटेपासून सुरुवात करावी.

खरी कसोटी कॉलरची असते. ती थेट पांढऱ्याने रंगवली तर कागदी दिसते. आधी सगळी कॉलर करड्या रंगाने भरावी, ती वाळल्यावर चुण्यांच्या खोलगट भागांत तपकिरी झाक द्यावी आणि निखळ पांढरा फक्त उजेडाकडच्या घड्यांच्या काठांवर ठेवावा. हनुवटीखाली कॉलरवरून उलटा उजेड पडतो, तो विसरू नये. चौथ्या फिलिपने १६२३ मध्ये या मोठ्या कॉलरींवर बंदी घातली आणि त्यांच्या जागी साधी, ताठ गोलिया आली. तेव्हा सोळाव्या शतकातल्या माणसाला ती घातल्यास चित्र काळाच्या हिशेबात चुकते.

पोशाखासाठी नुसता काळा वापरू नये. तपकिरीवर काळ्याची पातळ झिलई दिली की कापडाला खोली येते. वाळत असताना चित्र धूळ न बसेल अशा डब्यात ठेवावे. व्हार्निशची घाई करू नये, किमान सहा महिने जाऊ द्यावेत आणि तेही कोरड्या हवेच्या दिवसांत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, लावावे.