पेपर रद्द होतो, कागद रद्द होत नाही: साथीच्या वर्षात खेड्यातली बारावी प्रवेशापर्यंत कशी न्यायची

२०२१ साली कोरोनामुळे महाराष्ट्रात बारावीची लेखी परीक्षा झालीच नाही. ३ जूनला ती रद्द झाली आणि निकाल लागला तो दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के आणि बारावीच्या अंतर्गत चाचण्यांचे ४० टक्के धरून. अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष, हा समज जुनाच. त्या आरामाच्या वर्षाचे गुण थेट बोर्डाच्या निकालात येऊन बसले. दहावीचंही तसंच झालं: नववीचे ५०, दहावीच्या लेखी चाचण्यांचे ३०, तोंडी-प्रात्यक्षिकाचे २०. मग अकरावीच्या प्रवेशासाठी २१ ऑगस्टला वेगळी सीईटी (सामायिक प्रवेश परीक्षा) ठरली, आणि १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने तीही रद्द केली.

पेपर होणार की नाही हे तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या हातात नसतं. पेपर झाला नाही तर जे कागद लागतात ते मात्र पूर्ण आपल्या हातात असतात. पुढचं सगळं शिक्षक-लिपिकांसाठी आहे, आणि गावातल्या त्या शिकलेल्या पोरापोरींसाठी, ज्यांच्याकडे अख्खं गाव 'येवढा फॉर्म भरून दे' म्हणत येतं.

आधी एक जाड वही

संगणकात ठेवा, ड्राइव्हवर चढवा, पण आधी २०० पानी वही करा. वीज गेली किंवा टाळेबंदीत ऑफिसला कुलूप लागलं तरी वही घरी नेता येते. एका विद्यार्थ्याला समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच नाव, आईचं नाव, आधारवरचं नाव (स्पेलिंग वेगळं असेल तर लाल शाईने), दोन मोबाइल नंबर आणि ई-मेल. उजव्या पानावर प्रत्येक घटक चाचणीचे आणि सत्र परीक्षेचे गुण, तारखेसह, समोर विद्यार्थ्याची सही. गैरहजर असेल तर 'गैरहजर' लिहा आणि पंधरा दिवसांत फेरचाचणी घ्या. रिकामा रकाना निकालाच्या वेळी फार महाग पडतो: तेव्हा गुण 'अंदाजे' भरायचा मोह होतो आणि मग एका मुलाला दिलेले गुण दुसऱ्याला का नाहीत याचं उत्तर कुणाकडेच नसतं. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मुलांचे पुढचे प्रवेश होईपर्यंत रद्दीत घालू नका. महिन्यातून एकदा पानांचे फोटो काढून दोन वेगळ्या फोनमध्ये ठेवले की काम झालं.

दाखले: सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट

प्रवेशाच्या तारखा पुढे ढकलल्या गेल्या म्हणून दाखल्यांना वेळ मिळाला, असं समजू नका. टाळेबंदीत सेतू केंद्र बंद असतं, तहसीलमधली माणसं साथीच्या कामाला लागलेली असतात आणि उघडल्या दिवशी सगळ्या तालुक्याची गर्दी एकदम होते. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल आणि नॉन-क्रिमिलेअर (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) बारावीच्या दिवाळीपर्यंत हातात असावेत. नॉन-क्रिमिलेअरवरची वैधतेची तारीख वाचा: प्रवेश ज्या शैक्षणिक वर्षात होणार, त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत तो चालला पाहिजे. तारीख संपलेला नॉन-क्रिमिलेअर जोडला की अर्ज त्रुटीत परत येतो, आणि वेळेत नवा दिला नाही तर मूल खुल्या गटात मोजलं जातं.

जात वैधता (जातीचा दाखला पडताळणीत खरा ठरल्याचं प्रमाणपत्र) मात्र दिवाळीची नाही, अकरावीची गोष्ट आहे. अर्ज महाविद्यालयामार्फत जातो, म्हणून अकरावी विज्ञानाचा प्रवेश झाल्याच्या पहिल्याच महिन्यात राखीव प्रवर्गातल्या मुलांची यादी काढा. अडतं ते जुन्या पुराव्यावर. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीची नोंद सगळ्यात भक्कम. ती कुठे मिळते? आजोबा ज्या जिल्हा परिषद शाळेत गेले तिच्या दाखल-खारीज रजिस्टरात. आजोबा शाळेत गेलेच नसतील, आणि हे आपल्याकडे बरेचदा असतं, तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) किंवा अधिकार अभिलेखाची नक्कल मागा. मागताना पणजोबांचं नाव, त्या काळचं गाव आणि शेताचा खसरा क्रमांक लागतो. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आधी विचारून घ्या. गोंड, माना, हलबा कुटुंबांत जुन्या नोंदीत जातीचं नाव वेगळ्या पद्धतीने लिहिलेलं सापडतं. ते खोडून नीट करायला जाऊ नका. आहे तशी नक्कल घ्या आणि वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रासोबत जोडा. वडिलांची, सख्ख्या काकाची किंवा आत्याची वैधता आधीच निघालेली असेल तर ती सर्वांत वर लावा.

आरक्षणाचा कायदाही वर्षाच्या मधोमध बदलू शकतो. ९ सप्टेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली आणि अकरावीची ऑनलाइन प्रक्रिया नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत अडकली. म्हणून एकाच दाखल्याच्या भरवशावर बसू नका. जे जे नियमाने निघतात ते सगळे काढून ठेवा.

फॉर्म भरताना

नेट कॅफेवाला घाईत स्वतःचा नंबर आणि स्वतःचा ई-मेल टाकतो. पुढे ओटीपी त्याला जातो, हॉल तिकिटाचा निरोप त्याला जातो, आणि टाळेबंदीत त्याचं दुकान बंद. प्रत्येक मुलाचा स्वतंत्र ई-मेल उघडा आणि पासवर्ड वहीत लिहा. शहाणे लोक म्हणतील, पासवर्ड लिहू नये. शहरात नसेल लिहायचा. इथे विसरलेल्या पासवर्डने जास्त नुकसान होतं. वही कपाटात कुलपात ठेवा. नंबर असा द्या ज्यावर वर्षभर रिचार्ज असेल. वापराविना तीन महिने पडलेलं सिम बंद होतं, आणि अर्जातला नंबर बदलायला दुरुस्तीची खिडकी उघडायची वाट पाहावी लागते.

फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर, मास्क काढून, दोन्ही कान दिसतील असा. एनटीएच्या (जेईई, नीट घेणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या) अर्जांना तेव्हा फोटो १० ते २०० केबी आणि सही ४ ते ३० केबी लागायची. मोबाइलने काढलेला फोटो दोन-तीन एमबीचा असतो. तो लहान करताना चेहरा धूसर झाला तर केंद्रावर ओळख पटवताना अडचण. पैसे कापले गेले पण पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. अर्जात 'पेमेंट स्टेटस' पाहा, एक दिवस थांबा, मग ठरवा. म्हणूनच शेवटच्या दोन दिवसांसाठी फॉर्म ठेवायचे नसतात.

सरकलेल्या तारखा आणि शेतीचं पंचांग

२०२० ची एमएचटी-सीईटी (अभियांत्रिकी, फार्मसीसाठीची राज्याची प्रवेश परीक्षा) ऑक्टोबरमध्ये झाली. म्हणजे ऐन सोयाबीन सोंगणीत. परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये आली तर झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) भाताची रोवणी असते. मूल घरी बसलंय असं दिसलं की शेतावर न्यायचं, हे कुणाचं वाईट वागणं नव्हे. पण पालकांना परीक्षेच्या आधीचे वीस दिवस आताच मागून घ्या आणि नवी तारीख आली की पुन्हा सांगायला जा.

तारखेची बातमी फक्त सीईटी कक्षाच्या आणि एनटीएच्या संकेतस्थळावरून घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या परिपत्रकावर तारीख आणि क्रमांक आहे का बघा, आणि तेच परिपत्रक संकेतस्थळावर सापडत नसेल तर पुढे पाठवू नका. गावाच्या ग्रुपवर एकाच माणसाने तारीख टाकायची, हा नियम सगळ्यांत उपयोगी.

तारखेसोबत पेपरचं रूपही बदलतं, ते पहिल्याच दिवशी वाचून दाखवा. अभियांत्रिकीची जेईई मेन २०२१ मध्ये चार सत्रांत झाली, त्यातला सगळ्यात चांगला गुण धरला. ९० पैकी ७५ प्रश्न सोडवायचे होते, आणि त्याच वर्षी ती मराठीतही आली. वैद्यकीयच्या नीटमध्ये २०२१ ला २०० पैकी १८०. तेव्हा प्रत्येक विषयाच्या 'ब' विभागात दहाच प्रश्न मोजायचे. जास्तीचे सोडवून काही मिळायचं नाही, वेळ जायचा. एमएचटी-सीईटीत उणे गुण नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. सकाळची पाळी सोपी गेली, दुपारची अवघड, यावरून मुलं रडतात. पाळीनुसार पर्सेंटाइल (त्या पाळीतल्या किती टक्के मुलांच्या बरोबरीला किंवा पुढे आहात ते) काढतात ते त्यासाठीच.

परीक्षेचा दिवस

साथीत प्रत्येकाला हजेरीची वेगळी वेळ मिळते. नीट २०२० ला एका खोलीत २४ ऐवजी १२ मुलं बसवली होती, म्हणून केंद्रंही वाढली. ओळखीचं केंद्र समजून जाऊ नका. पत्ता नकाशात टाकून बघा, ऑनलाइन परीक्षेची केंद्रं बरेचदा शहराच्या पार कडेला असतात. भामरागडहून गडचिरोलीच पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. पावसात पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी आलं की रस्ता बंद, म्हणून अशा मुलांना दोन दिवस आधी काढा आणि मुक्काम वसतिगृहात किंवा नातेवाइकाकडे आधी पक्का करा. टाळेबंदीत लॉज मिळेलच असं नाही. एसटीवर विसंबण्याआधी आगारात फोन करा. २०२० मध्ये जिल्ह्याबाहेरच्या गाड्या २० ऑगस्टला कुठे सुरू झाल्या.

पिशवीत: हॉल तिकिटाच्या तीन प्रती (एक नाक्यावर पोलिसांना दाखवायला), आधार, फोटो, ५० मिलीची पारदर्शक सॅनिटायझरची बाटली, पारदर्शक पाण्याची बाटली. हॉल तिकिटासोबतच्या स्वयंघोषणेवर सही घरी ठोकू नका. जिथे 'पर्यवेक्षकासमोर' लिहिलंय तिथली सही तिथेच. दाराशी ताप मोजतात, आणि तेव्हा मर्यादा ३७.४ अंश सेल्सिअस होती. उन्हातून, कोंदट गाडीतून उतरून थेट रांगेत लागलं तर कपाळ गरम लागतं. वीस मिनिटं सावलीत बसा, पाणी प्या, मग रांगेत जा. खरंच ताप निघाला तरी घाबरून परत फिरू नका. वेगळ्या खोलीत बसवतात.

पोहोचणंच शक्य झालं नाही तर? २०२० च्या ऑगस्टअखेर गोसेखुर्दचं पाणी सोडल्यावर वैनगंगेला महापूर आला, आणि १ सप्टेंबरपासून जेईई होती. नागपूर खंडपीठाने परीक्षा थांबवली नाही, पण पुरात अडकलेल्यांना फेरपरीक्षेसाठी एनटीएकडे अर्ज करायची मुभा दिली. कोरोनामुळे किंवा प्रतिबंधित क्षेत्रात असल्यामुळे ज्यांची नीट हुकली त्यांच्यासाठी १४ ऑक्टोबरला पुन्हा परीक्षा झाली. अशी दारं उघडतात, पण पुरावा असलेल्यालाच. त्याच दिवशी ई-मेल करा: हॉल तिकीट, बंद पुलाचा वेळेसह फोटो किंवा तपासणीचा अहवाल, आणि तलाठ्याचं किंवा तहसीलचं पत्र. पत्र दुसऱ्या दिवशी जोडलं तरी चालतं. पहिला ई-मेल त्याच दिवसाचा हवा.

दहावीची मुलं शोधताना

पटसंख्येसाठी गुरुजी दारोदारी फिरतात हे विदर्भात सगळ्यांना ठाऊक आहे. साथीत ते फिरणं बंद, म्हणून दहावीच्या शाळेकडून गाववार यादी घ्या आणि फोन करा, संध्याकाळी सात ते नऊ. दिवसा फोन बापाच्या खिशात शेतावर असतो. सायकल, गणवेश, पुस्तकं अशी आमिषं सांगण्याआधी तीन गोष्टी खऱ्या सांगा: कोणत्या शाखा आहेत, विज्ञानाला प्रयोगशाळा आहे का, आणि गावाहून गाडी कशी येते. मुलींच्या बाबतीत गाडी हाच निर्णय असतो. मानव विकासची निळी बस त्या रस्त्याला आहे का, शाळा बंद असताना ती कधी सुरू होणार, हे आगारात विचारून मगच घरी सांगा.

मूळ टीसी 'नंतर देतो' म्हणून गोळा करून ठेवण्याची रीत वाईट. एकाच मुलाचं नाव तीन ठिकाणी लागतं, मग टीसी सोडवायला बाप मजुरी पाडून हेलपाटे घालतो. प्रवेश पक्का होईपर्यंत झेरॉक्सवर काम भागवा.

कॅपच्या फेऱ्या

२०२० पासून अभियांत्रिकीच्या कॅपमध्ये (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत) ई-स्क्रुटिनी आली: कागद अपलोड करायचे आणि एफसीने (सुविधा केंद्राने) ऑनलाइन तपासायचे. स्कॅन सपाट, चारही कोपरे दिसणारा हवा. दाखल्यामागे मजकूर असेल तर मागची बाजूही. त्रुटी आली की लॉगिनमध्ये दिसते, फोन येत नाही. तपासणीच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ लॉगिन उघडणारा एक माणूस नेमा.

ऑप्शन फॉर्ममध्ये त्या वर्षांत ३०० पर्यंत पर्याय देता यायचे आणि मुलं चार-पाच भरून थांबायची. पण पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की जागा आपोआप फ्रीझ (पक्की) व्हायची, पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून एक नंबरवर तेच महाविद्यालय, जिथे मिळाल्यावर मन बदलणार नाही. जागा मिळाल्यावर स्वीकृतीचे पैसे (तेव्हा १,००० रुपये) मुदतीत भरायचे. शेवटच्या दिवशी सर्व्हर अडकतो आणि गावचं नेटवर्क त्याहून आधी, तेव्हा अलॉटमेंटच्याच संध्याकाळी तालुक्याला जाऊन भरून टाका आणि पावतीचा नंबर वहीत त्या मुलाच्या पानावर लिहा.