जुनी फायबर होडी घेताना: आधी काटा, मग सौदा

मालवण, तारकर्ली, दापोली किंवा अलिबागच्या किनाऱ्यावर जलपर्यटनाच्या व्यवसायात उतरणारा तरुण पहिली होडी बहुधा जुनीच घेतो, आणि ती दुसऱ्या गावाहून ट्रॉलीवर घालून, गाडीमागे ओढून आणावी लागते. इंजिन सुरू करून पाहणे, नोंदणीचे कागद तपासणे, जेलकोटवरचे (फायबरवरच्या चकचकीत बाहेरच्या थरावरचे) ओरखडे मोजणे हे सगळे जण करतात. वजन मात्र विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर सोडून दिले जाते. जुन्या होड्या तपासून देण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. या कामात नव्याने येणाऱ्या मुलांना मी सर्वांत आधी वजनकाट्याची पावती वाचायला शिकवतो, कारण होडी ओढून नेता येईल का आणि तिच्या पोटात पाणी मुरले आहे का, या दोन्ही प्रश्नांचा पहिला धागा त्याच पावतीत सापडतो.

पाणी नेमके कुठे मुरते, हे आधी समजून घ्यावे. फायबरच्या लहान होडीत तळ आणि डेक यांच्या मधल्या पोकळीत बहुतेक वेळा पॉलियुरेथेन फोम ओतलेला असतो. तळाला बळकटी देणारे लांब स्ट्रिंगर आणि इंजिन जिथे बसते ती मागची ट्रान्समची पाटी यांच्या आत प्लायवूड किंवा लाकूड असून त्यावर फायबर चढवलेले असते. चांगल्या फोमचे वजन घनमीटरला ३० ते ३५ किलो, तर पाण्याचे १,००० किलो. म्हणजे अर्ध्या घनमीटर फोमचा एक तृतीयांश भाग जरी पाण्याने भरला, तरी होडी सुमारे १६५ किलोंनी जड होते आणि वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. थंड देशांत फोममधील पाणी गोठून त्याच्या पेशी फुटतात. आपल्याकडे तो प्रश्न नाही. आपला शत्रू पाऊस आहे. कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे १० चौरस मीटर उघड्या होडीवर एका पावसाळ्यात सुमारे ३०,००० लिटर पाणी कोसळते. होडी नीट शाकारलेली नसेल, बूच लावलेलेच राहिले असेल किंवा निचऱ्याचे भोक पाचोळ्याने बुजले असेल, तर हे पाणी डेकवरच्या प्रत्येक सैल स्क्रूच्या भोकातून खाली उतरत राहते. शिवाय लाकूड कुजवण्यात पावसाचे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा अधिक वाईट असते, कारण मिठामुळे बुरशीला थोडा तरी आळा बसतो. म्हणून एखाद्या धरणाच्या जलाशयातून आलेली होडी ‘समुद्रात कधी उतरलीच नाही’ अशा कौतुकाने दाखवली गेली, तर मी ती अधिक बारकाईने पाहतो.

आता काटा. महामार्गालगत चिरे, वाळू आणि आंबा वाहणाऱ्या गाड्यांसाठी वजनकाटे असतात; त्यांतला वैधमापन विभागाची चालू वर्षाची मुद्रा असलेला निवडावा. प्रथम ट्रॉली गाडीपासून सोडवून, पुढच्या टेकूच्या चाकासह पूर्णपणे काट्यावर उभी करावी. हे एकूण वजन. नंतर ती गाडीला जोडून केवळ ट्रॉलीची चाके काट्यावर येतील अशी उभी करावी आणि पुन्हा वजन घ्यावे. दोहोंतील फरक म्हणजे गाडीच्या हुकवर येणारा भार. होडी पाण्यात उतरवल्यावर रिकाम्या ट्रॉलीचे वजन घेता आले तर उत्तमच, नाहीतर ट्रॉलीच्या नोंदणीपुस्तकातील रिकामे वजन धरावे. असे मोठे काटे साधारण ५ किंवा १० किलोंच्या टप्प्याने आकडा दाखवतात, त्यामुळे दोन-चार किलोंवरून वाद घालण्यात अर्थ नाही.

समजा, एकूण वजन १,६४० किलो भरले आणि ट्रॉली ४३० किलोंची निघाली, तर सामानासकट होडी १,२१० किलोंची झाली. आता हिशेब वहीत मांडावा. ४० हॉर्सपॉवरचे टू-स्ट्रोक इंजिन ७५ किलो, ६० लिटर पेट्रोल ४५ किलो (पेट्रोल लिटरमागे पाऊण किलोच्या आत-बाहेर धरावे), बॅटरी २५, नांगर आणि दोर ३०, छत, बैठका व जीवरक्षक जाकिटे ५५. एकूण २३० किलो. उरले ९८० किलो. बांधणाऱ्याच्या कागदावर सांगाड्याचे वजन ७५० असेल, तर २३० किलोंचे उत्तर मिळायला हवे. रंगाचे थर आणि जुन्या डागडुजीत चढवलेले फायबर यांना उदार मनाने ६० किलो दिले, तरी १७० किलो बेवारस राहतात. हे बेवारस वजन हीच आपल्या कामाची दिशा. त्यातच हुकवरचा भार ६० किलो, म्हणजे चार टक्क्यांहूनही कमी दिसला, तर वजन मागच्या बाजूला साचले आहे असा संशय बळावतो, कारण ट्रॉलीवर नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, उंच राहते आणि पाणी वाहत जाऊन ट्रान्समपाशीच थांबते. अर्थात, होडी ट्रॉलीवर मागे सरकवून ठेवली असली तरीही असेच दिसते. म्हणून आधी ती नीट बसवून पुन्हा मोजावे.

होडी पाण्यात असेल तर आणखी एक ताळा घेता येतो. होडीने पाण्याच्या पातळीवर व्यापलेले क्षेत्रफळ ९ चौरस मीटर असेल, तर खाऱ्या पाण्यात ती एक सेंटिमीटर खोल बसण्यासाठी सुमारे ९२ किलो लागतात. तळावरच्या रंगाची मूळ रेषा आणि आजची शेवाळाची रेषा यांत मागच्या बाजूला तीन-चार सेंटिमीटरचे अंतर दिसले, तर ते केवळ इंजिन बदलल्याने आले की कसे, हे विचारून घ्यावे.

यानंतर हातोडी. लहान, प्लास्टिकच्या तोंडाची हातोडी घेऊन तळ, डेक आणि ट्रान्सम वितीवितीने ठोकत जावे. फणस थापटून पिकला की नाही ते ज्या कानाने ओळखतो, तोच कान इथे लागतो: घट्ट फायबर टणक, स्वच्छ वाजते आणि सुटलेला किंवा भिजलेला भाग बद्द वाजतो. बद्द जागेभोवती खडूने रेघ ओढावी; रेघा जोडल्या की पाण्याचा नकाशा तयार होतो. ट्रान्समसाठी इंजिन अर्धवट वर उचलून त्याच्या खालच्या भागावर हाताने जोर द्यावा आणि पाटी वाकते का, कडेला केसासारखी चीर उघडते का, ते डोळा जवळ नेऊन पाहावे. आर्द्रतामापक यंत्राचा मोह नव्या मुलांना फार होतो. धातू, मीठ आणि तळाचा रंग यांमुळे ते सहज फसते, म्हणून मी त्याला साक्षीदार मानतो, न्यायाधीश नव्हे. तळावर फोड असतील तर एखादा फोडून वास घ्यावा; व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर पाणी जेलकोटमागे शिरले आहे.

शेवटचा पुरावा भोक पाडूनच मिळतो, आणि त्यासाठी मालकाची लेखी परवानगी घ्यावी. ट्रान्समजवळ, डेकच्या सर्वांत खालच्या जागी, लहान होलसॉने (गोल भोक पाडणाऱ्या करवतीने) गोल तुकडा काढून फोमचा नमुना तळापर्यंत उपसावा. वरचा थर कोरडा आणि पिवळसर असतो, त्यावर समाधान मानू नये. खालचा तुकडा चिमटीत दाबल्यावर तपकिरी पाणी बोटांवरून ओघळले, तर सगळा हिशेब लागला. स्ट्रिंगरमध्ये बारीक ड्रिल घालून भुसा पाहावा: कोरडा, फिकट भुसा चांगला, काळी ओली माती वाईट. तपासणी संपल्यावर सर्व भोके इपॉक्सीने बुजवावीत.

भिजलेला फोम उन्हात ठेवून वाळत नाही, विकणारा काहीही सांगो. डेक कापून तो खरवडून काढावा लागतो आणि नवा ओतावा लागतो. अशा वेळी सांगाडा मजबूत असेल, तर किमतीतून हा खर्च वजा करून घ्यावा. ट्रान्समही गेला असेल, तर माझे मत स्पष्टपणे न घेण्याचे असते, विशेषतः मे अखेरीस जलपर्यटन बंद होताना ‘आजच घ्या’ म्हणून भाव पाडला जातो तेव्हा.

होडी घ्यायची ठरली तरी ती आणताना काट्यावरचे वजनच प्रमाण मानावे आणि ते गाडीच्या पुस्तिकेतील ओढण्याच्या मर्यादेशी, हुकच्या मर्यादेशी आणि ट्रॉलीच्या टायरवर छापलेल्या भारक्षमतेशी ताडून पाहावे. एकूण वजनाच्या सात ते दहा टक्के भार हुकवर यावा असे मी धरतो. तो कमी असल्यास उतारावर ट्रॉली शेपटासारखी हलू लागते आणि फोंडा किंवा आंबोली घाट उतरताना ती सावरणे कठीण जाते. निघण्यापूर्वी बूच काढून नाळ उंच करून होडी रात्रभर निथळू द्यावी, पेट्रोलची टाकी रिकामी करावी, ट्रॉलीच्या बेअरिंगमध्ये ताजे ग्रीस भरावे आणि वाटेत पहिल्या थांब्यावर चाकाच्या मध्यभागी हात लावून पाहावा. ते हाताला सोसवत नसेल, तर पुढे न जाता तिथेच चाक खोलावे.