बॅटरी टिकवायची तर आधी ताप बघा, मग टक्के

रात्रभर चार्जिंगला लावलेला फोन ‘ओव्हरचार्ज’ होत नाही. १०० टक्के झाले की फोन स्वतःच वीज घेणं थांबवतो आणि थोडी उतरली की पुन्हा थोडी घेतो. नुकसान होतं ते वेगळ्या कारणाने: बॅटरी तासन्‌तास काठोकाठ भरलेली राहते, आणि उशीखाली असेल तर तापतेही. भरलेली बॅटरी थंड असेल तर बरंच सोसते. अर्धी भरलेली बॅटरी थोडी तापली तरी चालून जातं. भरलेली आणि तापलेली मात्र झपाट्याने म्हातारी होते. चार्जिंगचे बाकी सगळे नियम या एका गोष्टीवरून काढता येतात.

आत काय झिजतं

फोनच्या बॅटरीत वीज साठवणाऱ्या लिथियम-आयन सेलमध्ये एका बाजूला ग्रॅफाइट असतं, दुसऱ्या बाजूला बहुधा कोबाल्टचं ऑक्साइड. चार्ज होताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, ग्रॅफाइटमध्ये शिरतात, वापरताना परत येतात. ग्रॅफाइटवर पहिल्याच चार्जिंगला एक पातळ थर धरतो. तो हवाच असतो, पण नंतरही हळूहळू जाड होत राहतो आणि दरवेळी थोडं लिथियम कायमचं अडकवतो. ‘बॅटरी पूर्वीसारखी टिकत नाही’ याचं मुख्य कारण हेच. उष्णतेने हा थर लवकर वाढतो, आणि सेलचा व्होल्टेज चढा असेल तर दुसरी बाजूही खराब होऊ लागते. आजच्या फोनमध्ये पूर्ण भरलेला सेल साधारण ४.४ व्होल्टच्या आसपास असतो, अर्धा भरलेला ३.८च्या आसपास. शेवटचे टक्के महागात पडतात ते यामुळे.

थंडीचा त्रास निराळा. शून्य अंशाखाली चार्ज केलं तर आयन ग्रॅफाइटमध्ये शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातू बनून बसतात. गारठलेला फोन आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग पिन लावा.

सायकल म्हणजे पिन लावण्याची संख्या नव्हे

आज ५० टक्के वापरले, भरले, उद्या पुन्हा ५० वापरले, तर दोन दिवसांत मिळून एक सायकल झाली. त्यामुळे दिवसातून चारदा थोडं थोडं चार्ज केल्याने ‘सायकली वाया जातात’ ही भीती सोडून द्या. उलट ३० वरून ७० वर जाणं हे शून्यावरून शंभरवर जाण्यापेक्षा सेलला सोपं जातं. पूर्ण उतरवून मगच चार्ज करायची सवय निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातली आहे. लिथियमला तिचा तोटाच होतो.

आयुष्याचा अंदाज हवा असेल तर अ‍ॅपलचे आकडे बघा: आयफोन १४ आणि त्याआधीच्या मॉडेलांमध्ये ५०० सायकलींनंतर, आयफोन १५ पासून पुढे १००० सायकलींनंतर ८० टक्के क्षमता उरावी अशी रचना आहे, अर्थात आदर्श परिस्थितीत. युरोपियन युनियनमध्ये २० जून २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या फोन-टॅबसाठी ८०० सायकलींनंतर ८० टक्के ही किमान अट आहे.

सेटिंग एकदाच लावा

आयफोन १५ आणि नंतरच्या फोनमध्ये सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर चार्जिंगची मर्यादा मिळते. आयओएस १८ पासून ती ८० ते १०० च्या दरम्यान पाच-पाचच्या टप्प्याने ठरवता येते. सॅमसंगमध्ये ‘बॅटरी प्रोटेक्शन’ शोधा, पिक्सेलमध्ये बॅटरी हेल्थच्या पानावर ‘चार्जिंग ऑप्टिमायझेशन’. बाकी अँड्रॉइड फोनमध्ये नाव वेगळं असेल, पण सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘बॅटरी’ टाकलं की सापडतं. मर्यादा ८० लावूनही फोन अधूनमधून १०० पर्यंत गेला तर बिघाड समजू नका. टक्क्यांचा हिशेब जुळवायला काही फोन मुद्दाम तसं करतात.

८० लावावं का? ८० टक्क्यांत दिवस निघत असेल तर डोळे झाकून लावा. निघत नसेल तर ९० किंवा ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’ ठेवा, जे रात्री ८० वर थांबतं आणि उठायच्या सुमाराला उरलेलं भरतं. तीन वर्षांनी २० टक्के क्षमता घटू नये म्हणून आजपासूनच रोज २० टक्क्यांविना अडून बसायचं, यात शहाणपण नाही. प्रवासाला निघताना १०० भरा. भरून लगेच वापरायला घेतलं तर काही बिघडत नाही. भरून पडून राहिलं तर बिघडतं.

ताप कुठून येतो

सर्वांत वाईट जोडी म्हणजे गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवलेला फोन, स्क्रीन पूर्ण उजेडावर, नकाशा चालू आणि चार्जर लावलेला. तिथे फोन एसीच्या झोतासमोर लावा आणि ७०-८० टक्के झाले की पिन काढा. दुसरी जोडी चार्जिंगला लावून गेम खेळण्याची. काही फोनमध्ये ‘बायपास चार्जिंग’ असतं, म्हणजे वीज बॅटरीत न जाता थेट फोनला मिळते. असेल तर ते चालू करा. तिसरी वायरलेस पॅडची: फोन पॅडवर थोडा सरकलेला असला की वीज कमी जाते आणि उष्णता जास्त होते. चुंबकाने नीट बसणारा पॅड त्या मानाने बरा.

बॅटरीचं तापमान दाखवणारं अ‍ॅप असेल तर ३५ अंशांपर्यंत निर्धास्त राहा. ४० दिसलं की कव्हर काढा, फोन गादीवरून उचलून टेबलावर ठेवा. ४५ च्या पुढे बहुतेक फोन स्वतःच चार्जिंग मंदावतात किंवा थांबवतात. तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवू नका. आत दव धरतं आणि बॅटरीऐवजी बोर्डच जातो.

फास्ट चार्जिंगला लोक उगाच घाबरतात. किती वीज घ्यायची ते फोन ठरवतो, चार्जर ढकलत नाही, त्यामुळे लॅपटॉपचा ६५ वॉटचा यूएसबी-सी चार्जर फोनला चालतो. पूर्ण वेगही शेवटपर्यंत राहत नाही. सेलचा व्होल्टेज वरच्या मर्यादेला टेकला की करंट उतरत जातो. शेवटचे २० टक्के रेंगाळतात ते यामुळे, आणि घाई असेल तर ८० ला पिन काढण्यातच वेळेचा फायदा आहे. रात्री मात्र घाई नसते, तेव्हा १० वॉटचा साधा अ‍ॅडॉप्टर वापरा. ५००० एमएएचची (हे बॅटरीच्या क्षमतेचं माप) बॅटरी म्हणजे जेमतेम १९ वॉट-तास. गळती धरूनही अडीच-तीन तासांत भरतं आणि फोन कोमट होण्यापलीकडे जात नाही.

पिन सैल बसत असेल तर आधी पोर्टमध्ये बघा. खिशातला धागा-धूळ तळाशी दाबून बसलेली असते. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा. सुई किंवा सेफ्टी पिन घालू नका. अर्धवट टेकलेल्या पिनेलाही ताप येतो.

टॅबची गोष्ट वेगळी

फोन वापराने झिजतो, टॅब बहुधा पडून राहण्याने. भिंतीवर लावलेला किंवा सतत चार्जरवर असलेला टॅब वर्षभर १०० वर बसतो आणि मग फुगतो. मर्यादेची सेटिंग असेल तर ८० लावा. नसेल तर चार्जर टायमर स्विचवर टाका आणि रोज दोन-तीन तासच वीज मिळू द्या.

कपाटात ठेवायचा टॅब ५० टक्क्यांवर आणून पूर्ण बंद करा, आणि दर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा ५० वर आणा. शून्यावर ठेवलेला टॅब हळूहळू आणखी उतरतो. सेल फारच खाली गेला की आतलं तांबं विरघळू लागतं, आणि मग चार्ज करणं धोक्याचं होतं. फार काळ तसा पडून नसलेला मेलेला टॅब मात्र साध्या चार्जरला अर्धा-एक तास लावून बघायला हरकत नाही. जवळ बसून बघा, तापला तर काढा.

खरी क्षमता मोजायची कशी

फोनमध्ये बॅटरी हेल्थचा आकडा नसेल तर किती एमएएच आत गेलं ते मोजणारं अ‍ॅप घ्या. फोन २० टक्क्यांवर येऊ द्या, स्क्रीन बंद ठेवून ८० पर्यंत चार्ज करा. समजा २४६० एमएएच गेलं. हे ६० टक्क्यांचं माप, म्हणून २४६० भागिले ०.६, म्हणजे ४१००. छापील क्षमता ५००० असेल तर ८२ टक्के उरली. एका मोजणीवर विसंबू नका, चार-पाचची सरासरी घ्या.

फोन १५ टक्क्यांवर अचानक बंद पडत असेल तर दोन शक्यता. टक्क्यांचा अंदाज चुकला असेल तर एकदा अगदी खाली उतरवून सलग १०० पर्यंत भरल्यावर तो सुधारतो. यामुळे बॅटरी सुधारत नाही, फक्त मापन. तरीही फ्लॅश मारताना किंवा थंडीत बंद पडतोच, आणि चालू केल्यावर पुन्हा १५ च दाखवतो, तर सेलचा अंतर्गत रोध वाढला आहे, म्हणजे एकदम जास्त वीज द्यायला तो कमी पडतो. बॅटरी बदला.

स्क्रीनची कड उचलली गेली, मागच्या झाकणाला फट पडली किंवा सपाट टेबलावर फोन डुलतो, तर सेल फुगला आहे. तिथून पुढे चार्जिंग बंद. फोन बंद करा, झाकण दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टोचून हवा काढायचा तर मुळीच नको. जळणार नाही अशा पृष्ठभागावर ठेवा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. काढलेला सेल घरच्या कचऱ्यात न टाकता बॅटरी किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. नवी बॅटरी बसवताना पाण्यापासून वाचवणारं सील नवं लावायला सांगा. आणि ‘पहिल्यांदा आठ तास चार्ज करा’ असा सल्ला मिळाला तर दुर्लक्ष करा. बसवल्या क्षणापासून ती वापरायला तयार असते.