मुंबई उच्च न्यायालयात नव्याने येताय? आधी त्याचा इतिहास वाचा

वकिलीची सनद घेऊन मुंबई उच्च न्यायालयात येणारा जवळजवळ प्रत्येक ज्युनियर विचारतो, की इथे ओरिजिनल साइड (जिथे दावे थेट हायकोर्टातच सुरू होतात) आणि अपेलेट साइड (जिथे खालच्या कोर्टांची अपिलं येतात) असे दोन संसार कशाला? रूल्स वेगळे (एकाचे १९८०चे, दुसऱ्याचे १९६०चे), फायलिंगचं डिपार्टमेंट वेगळं, पुष्कळदा वकीलसुद्धा वेगळे. मी हेच सिनियरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "१८६२ च्या आधीचं वाच."

त्याआधी मुंबईत दोन न्यायव्यवस्था शेजारी-शेजारी चालत. शहरापुरतं राजाच्या सनदेवरचं सुप्रीम कोर्ट, तिथे बॅरिस्टर आणि इंग्लिश कायदा. बाकी मुलखातली अपिलं ईस्ट इंडिया कंपनीच्या सदर दिवाणी आणि सदर फौजदारी अदालतींकडे. १८६१ च्या कायद्याने ही सगळी कोर्टं एकत्र आणली आणि १४ ऑगस्ट १८६२ ला उच्च न्यायालय सुरू झालं. सर मॅथ्यू सॉस पहिले मुख्य न्यायमूर्ती. कोर्ट एक झालं, घराणी मात्र दोन राहिली. म्हणूनच आजही मुंबई शहरातला मोठ्या रकमेचा दावा थेट हायकोर्टात लागतो आणि साताऱ्याचा दावा कितीही मोठा असला तरी तिथल्या दिवाणी न्यायालयातच सुरू होतो. हे एकदा डोक्यात बसलं की कोणता कागद कुठे द्यायचा, यातला निम्मा गोंधळ संपतो.

खंडपीठांचंही तसंच. नागपूरला १९३६ पासून स्वतंत्र उच्च न्यायालय होतं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि नागपूरला खंडपीठ राहिलं. जुन्या निवाड्यांत 'एआयआर नागपूर' (ऑल इंडिया रिपोर्टर या निवाडेसंग्रहाचा नागपूर विभाग) दिसतं ते त्यामुळे. औरंगाबादला कायम खंडपीठ १९८४ मध्ये झालं, आणि ते फक्त मराठवाड्याचं नाही: अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबारची प्रकरणंही तिकडेच जातात. गोवा खंडपीठाचा ढंग निराळा. तिथे पती-पत्नीच्या मालमत्तेचे वाद पोर्तुगीज अमलातून आलेल्या कायद्यावर चालतात. तो अभ्यास मुंबईत बसून होत नाही. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवही याच न्यायालयाच्या कक्षेत येतात.

न्यायमूर्तींची मंजूर पदं ९४ आहेत, पण सगळी भरलेली क्वचितच असतात. कोणत्या न्यायमूर्तींकडे कोणतं काम, हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात. तेव्हा रोस्टर, म्हणजे हे कामवाटप, बदललं की त्याच दिवशी वाचून काढा. आपलं प्रकरण आता कोणत्या कोर्टासमोर लागणार हे अशिलाला तुम्हीच सांगायचं असतं.

बोर्ड, म्हणजे दिवसाच्या प्रकरणांची यादी, लवकर आटोपलं तर सेंट्रल कोर्टात, म्हणजे ४६ नंबरच्या दालनात, जरूर जा. १९०८ मध्ये टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला तिथेच चालला. शिक्षेआधी त्यांनी काढलेले शब्द तिथल्या फलकावर कोरलेले आहेत. ज्या कोर्टाने सहा वर्षांची शिक्षा दिली त्यानेच ते शब्द जपावेत, याचं मला फार मोल वाटतं.

आता करिअरचं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातून येत असाल तर मुंबईत खोली शोधण्याआधी थांबा. १८ ऑगस्ट २०२५ पासून या सहा जिल्ह्यांसाठी कोल्हापूरला सर्किट बेंच (हायकोर्टाचं फिरतं खंडपीठ) सुरू आहे. तिथल्या वकिलांनी त्यासाठी कित्येक वर्षं लढा दिला. नव्या बेंचवर ज्युनियरला उभं राहून बोलायची संधी लवकर मिळते, असं माझं मत आहे. कमर्शियल दावे, लवाद किंवा जहाजांची प्रकरणं करायची असतील तर मात्र मुंबईच गाठा, आणि ओरिजिनल साइडचाच सिनियर धरा.