ग्रंथातला शाप वाचावा कसा?

कोल्हापुरात नवरात्रातील ग्रंथवाचनाला शापाची कथा आली, की ‘ऋषी इतके कोपिष्ट कसे?’ हा प्रश्न हमखास निघतो. उत्तर देण्याची घाई न करता, शाप कोण देतो, कोणत्या अधिकाराने देतो आणि त्याने कोण बांधले जाते, हे आधी तपासावे.

माझ्या मते सुरुवात पुराणांऐवजी दानलेखांपासून करावी. शिलाहार राजांच्या काळातील ताम्रपटांच्या अखेरीस, दान दिलेली जमीन हिरावणारा साठ हजार वर्षे विष्ठेतील किडा होतो, अशा अर्थाचा श्लोक आढळतो. गधेगाळीच्या, म्हणजे दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी देणाऱ्या, दगडावर तर वर चंद्र-सूर्य, मध्ये मजकूर आणि खाली गाढव व स्त्री यांचे असे शिल्प असते, की मुलांची सहल घेऊन गेलेले गुरुजी तेथे फार वेळ थांबत नाहीत. येथे कोणी कोणावर चिडलेले नसते. दाता आपल्या पश्चात गादीवर येणाऱ्यांना, त्यांत स्वतःच्या वंशजांनाही, बांधून ठेवतो. चंद्र-सूर्य दानाची मुदत सांगतात, म्हणजे ते असेपर्यंत, आणि खालची शिवी निरक्षरालाही कळते.

बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २७व्या अध्यायातील १२ शापही याच जातीचे आहेत. लेवी, म्हणजे देवसेवेचे काम असलेल्या वंशाचे लोक, एकेक शाप उच्चारतात, लोक ‘आमेन’ म्हणतात, म्हणजे ऐकणारेच ती अट स्वतःवर घेतात.

कथेतल्या शापाला वेगळी कसोटी लावावी: तो वगळला तर काय उरते? महाभारतातील शकुंतलेच्या आख्यानात दुर्वासांचा शाप नाही. दुष्यंताला सारे आठवत असते, तरीही तो भर सभेत तिला नाकारतो. कालिदासाने शाप आणला आणि राजाचा दोष विस्मृतीच्या माथी गेला. गांधारीचा शाप मात्र वगळता येत नाही, कारण श्रीकृष्ण तो नाकारत नाही आणि यादवकुळाचा शेवट त्याच्याशी जोडलेला आहे.

देवांत श्रेष्ठ कोण याची परीक्षा घेताना भृगू ऋषीने विष्णूला लाथ मारल्यावर रुसून करवीरास, म्हणजे कोल्हापुरास, आलेल्या लक्ष्मीची प्रचलित कथा सांगताना रोष आणि शाप यांची गल्लत होऊ देऊ नये. ती निघून येते, विष्णूला शाप देत नाही. भृगूच्या शापांबाबतही ग्रंथागणिक फरक आहे. पद्मपुराणात तो ब्रह्मदेव आणि शंकर या दोघांना शाप देतो, भागवतात त्याच परीक्षेच्या कथेत कोणालाच देत नाही. म्हणून वाचनाला बसताना कोणता ग्रंथ समोर आहे, हे श्रोत्यांना आधी सांगावे.