कुकर भंगारात देण्याआधी

लालबागला आमच्या चाळीत गेल्या श्रावणात शेजारच्या काकूंच्या कुकरचं झाकण उडालं. मनगट भाजलं. दुकानदाराने तो कुकर ठेवून घेऊन नवा दिला, काकूंचं समाधान झालं. पण त्याच बॅचचे बाकीचे कुकर अजून कुणाच्या तरी शेगडीवर चढत असतील, आणि त्यांचा माग काढायला आता हातात काहीच नाही. ही रुखरुख अजून जात नाही, म्हणून लिहितो आहे.

वस्तू हातची सोडू नका, तक्रारीची सगळी तयारी यावरच उभी आहे. कुकर घासू नका, रिंग बदलू नका, शिटी पुन्हा बसवून बघू नका. डाळ वाळून चिकटलेली असली तरी राहू द्या. ग्राहक आयोगाला गरज वाटली तर तो वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, मग धुऊनपुसून लख्ख केलेल्या भांड्यात ते काय शोधणार? झाकण, सेफ्टी व्हॉल्व्ह, दांडा, शेगडी यांचे फोटो काढा, सुटे तुकडे डब्यात घाला, सगळं जुन्या चादरीत बांधून माळ्यावर ठेवा. आणि घरात सगळ्यांना बजावून ठेवा, नाहीतर रविवारी भंगारवाल्याची हाक आली की पुरावा किलोच्या भावाने जातो.

मग चिन्ह बघा. आयएसआयच्या वर आयएस 2347 हा कुकरचा मानक क्रमांक आणि खाली सीएम/एल पुढे परवाना क्रमांक हवा. घरगुती प्रेशर कुकरला हे 1 फेब्रुवारी 2021 पासून सक्तीचं आहे. तो परवाना क्रमांक बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आहे आणि चालू आहे का, ते कळतं. चार्जर किंवा पॉवर बँक असेल तर 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. चिन्ह बनावट वाटलं तर मानक ब्युरोकडे वेगळी तक्रार करा.

बिल, खोका, भाजलं असेल तर दवाखान्याचा केस पेपर. लोहार चाळीच्या बाजारातून बिलाशिवाय आणलं असेल तर निदान यूपीआयची नोंद जपा. ऑनलाइन घेतलं असेल तर विक्रेत्याच्या पानाचा स्क्रीनशॉट आजच घ्या, उद्या ते पान असेलच असं नाही. 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एका मोठ्या ऑनलाइन बाजाराला तिथे विकलेले 2,265 कुकर परत घेण्याचा आदेश दिला होता. म्हणजे दुकान दिसत नाही म्हणून दाद मागता येत नाही, असं नाही.

अर्ज मात्र दोन लिहा. भरपाईचा अर्ज जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातो. त्याला 2 वर्षांची मुदत आहे, आणि वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. धोक्याचा अर्ज प्राधिकरणाकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचा, जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय मुंबई शहरात राहत असाल तर फोर्टला, उपनगरात असाल तर वांद्रे पूर्वेला. कुठे अडलात तर 1915 वर फोन करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. धोकादायक माल बाजारातून परत मागवण्याचा अधिकार प्राधिकरणाला 2019 च्या कायद्याने दिला आहे, म्हणून या दुसऱ्या अर्जात एक ओळ ठळक लिहा: मला नवा कुकर मिळाला तरी ही तक्रार कायम आहे, या बॅचची तपासणी व्हावी.